आधी पाणी मोजा

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाच्या खाटेशेजारी अनेक रुग्णालयांत परिचारिका एक वस्तू ठेवून जाते. खोकल्याच्या औषधाबरोबर मिळतं तसलं, रेघा आखलेलं प्लास्टिकचं छोटं माप. त्यात ३० मिलिलिटर पाणी मावतं, म्हणजे दोन मोठे चमचे. हे पंधरा मिनिटांत संपवायचं आणि एका दमात नाही, घोट घोट, एवढं सांगून ती पुढच्या खाटेकडे वळते. आयुष्यभर तांब्या तोंडाला लावून गटागटा पाणी पीत आलेल्या माणसाला ते माप हातात घेऊन नेमकं काय करायचं, हे लगेच उमगत नाही. पण पुढचा महिनाभर त्याची तब्येत या मापावर अवलंबून असते.

दोन-तीन दिवसांत माणूस घरी येतो. भेटायला लोक येतात, फोन येतात आणि प्रत्येकाचा प्रश्न एकच : किती उतरलं? बेडरूमच्या कोपऱ्यात नवा वजनकाटा आलेला असतो. सकाळी उठल्याबरोबर त्यावर उभं राहायचं, आकडा वहीत लिहायचा, घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा. काल दिवसभरात पोटात पाणी किती गेलं, हे मात्र कुणी विचारत नाही. बहुतेक घरांत ते कुठे लिहिलेलंही नसतं.

पहिल्या महिन्यापुरता तरी हा क्रम उलटा करायला हवा. या काळात वजन उतरणारच आहे, त्याची काळजी शल्यविशारदाने शस्त्रक्रियेच्या टेबलावरच घेतलेली असते. घरच्यांच्या हातात उरतं ते पाणी. आणि नेमकं तेच सुटतं.

अमेरिकेत या शस्त्रक्रियांची रुग्णालयनिहाय काटेकोर नोंद ठेवली जाते. घरी गेलेला रुग्ण महिन्याभरात पुन्हा का भरती झाला, हे त्यात लिहिलेलं असतं. तिथे मळमळ, उलट्या आणि शरीरातलं पाणी कमी होणं हे कारण वर्षानुवर्षं सर्वांत वर राहिलं आहे. टाके सुटणं, रक्तस्राव, जंतुसंसर्ग ही ज्यांची धास्ती असते ती कारणं त्याच्या खाली येतात. हे टाळता येण्याजोगं आहे हे ओळखून तिथल्या शल्यविशारदांच्या संघटनांनी २०१५ च्या सुमारास देशभरातल्या अनेक रुग्णालयांत एक प्रकल्प हाती घेतला. त्यात नवं यंत्र नव्हतं की नवं औषध नव्हतं. शस्त्रक्रियेआधी रुग्णाला नीट शिकवायचं, घरी गेल्यावर ठरल्या दिवशी फोन करायचा आणि आहारतज्ज्ञाची भेट चुकू द्यायची नाही, एवढीच कामं होती.

शरीरात नेमकं काय बदलतं, हे एकदा समजून घेतलं की या साध्या कामांचं मोल कळतं. आपल्याकडे सर्वाधिक होणाऱ्या ‘स्लीव्ह’ शस्त्रक्रियेत जठराचा ७५ ते ८० टक्के भाग कापून काढतात. उरते केळ्याच्या आकाराची एक अरुंद नळी. तिच्यात सुरुवातीला जेमतेम १०० ते १५० मिलिलिटर मावतं. घरातलं स्टीलचं फुलपात्र डोळ्यांसमोर आणा, त्याहूनही कमी. ‘बायपास’मध्ये तर जठराच्या वरच्या टोकाला अंड्याएवढी पिशवी तयार करून ती थेट लहान आतड्याला जोडतात, तिची क्षमता ३० मिलिलिटरच्या आसपास असते. त्यात पहिले काही दिवस आतून सूज असते. अशा जागेत घटाघटा पाणी ओतलं तर ते पुढे सरकत नाही. छातीच्या मधोमध कळ येते, तोंडाला पाणी सुटतं आणि प्यायलेलं उलटून पडतं. एकदोनदा असं झालं की माणूस पाण्यालाच घाबरतो. साधं पाणी जड लागतं, टोचतं, अशी तक्रार या रुग्णांकडून सतत ऐकू येते. ज्याने ती अवस्था अनुभवलेली नाही त्याला ते नखरे वाटतात.

आता हिशेब मांडू. या रुग्णांनी दिवसाला किमान दीड लिटर द्रव घ्यावं, असं प्रमाण मार्गदर्शक तत्त्वांमध्ये मानलं जातं. दर पंधरा मिनिटांना ३० मिलिलिटर म्हणजे तासाला १२०. दीड लिटर गाठायला साडेबारा तास लागतात. मापांत मोजायचं तर दिवसाला पन्नास मापं. सकाळी सातला सुरुवात केली तर संध्याकाळी साडेसातपर्यंत एकही पाव तास न चुकवता हे चाललं पाहिजे. दुपारी दोन तास डोळा लागला की आठ मापं गेली. पाहुण्यांशी गप्पांत तास गेला, चार गेली. आणि गेलेली मापं रात्री एकदम भरून काढता येत नाहीत, कारण भांडंच तेवढं राहिलेलं नाही. निरोगी माणूस दिवसभर उन्हात हिंडून घरी येतो आणि माठातलं दोन पेले पाणी पिऊन तूट भरून काढतो. शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला ही उधारी परवडत नाही.

दुसरी एक तूट तर बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. आपण पाणी फक्त पीत नाही, खातोही. शिजलेल्या भातात जवळपास ७० टक्के पाणी असतं, काकडीत ९५ टक्के. आमटी, पालेभाजी, कोशिंबीर, ताक हे सगळं धरलं तर दिवसभरातल्या पाण्याचा मोठा हिस्सा ताटातूनच येतो. सर्वसाधारणपणे तो पाचव्या हिश्शाइतका धरतात. भात-आमटी जेवणाऱ्या घरात अधिकच असणार. शस्त्रक्रियेनंतर ताटच जवळजवळ नाहीसं होतं. खर्च मात्र थांबत नाही. श्वासातून आणि त्वचेतून रोज पाऊण लिटरच्या आसपास पाणी उडून जातं आणि रक्तातली घाण बाहेर टाकायला मूत्रपिंडांना किमान अर्धा लिटर लघवी तयार करावीच लागते. हे दोन आकडे मिळूनच सव्वा लिटर होतात. चंद्रपूर, अकोला, जळगावच्या मे महिन्यात घामाचा खर्च वेगळा.

पाणी कमी पडल्याची पहिली खूण गंमत वाटावी इतकी फसवी आहे, म्हणून ती इथे ठळकपणे सांगायला हवी. ती खूण म्हणजे मळमळ. पाणी कमी पडल्यामुळे मळमळतं, मळमळतं म्हणून माणूस पाणी पीत नाही, मग अजून कमी पडतं. घरचे म्हणतात, त्याला नको वाटतंय तर राहू दे, आग्रह नको. आग्रह नको हे जेवणाच्या बाबतीत अगदी खरं आहे. पाण्याच्या बाबतीत नाही. लघवी गडद पिवळी होणं, दिवसातून दोनतीनदाच होणं, खाटेवरून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येणं, जीभ कोरडी पडणं, डोकं दुखणं, छातीत धडधडणं यांतलं काही दिसलं तर वाट पाहू नये. धडधडीबद्दल एक गोष्ट आवर्जून लक्षात ठेवावी. नाडी मिनिटाला १२० च्या वर जात असेल, सोबत ताप, पोटात किंवा खांद्यात दुखणं असेल, तर ते पाणी कमी पडल्यामुळेच आहे असं घरीच ठरवून मोकळं होऊ नये. जठराचे टाके झिरपत असल्याचीही ती खूण असू शकते. अशा वेळी ज्याने शस्त्रक्रिया केली त्याच्याकडेच, त्याच दिवशी जायला हवं.

पन्नास मापांचं हे पथ्य पाळायला मराठी घर सोपं नाही. आपल्याकडे पाण्याला मान आहे, पण तो तांब्या-भांड्याचा आहे. दारात आलेल्याला आधी पाणी, मग चहा. ताटाच्या शेजारी पाण्याचं भांडं नसेल तर जेवण अर्धवट वाढल्यासारखं वाटतं. शस्त्रक्रियेनंतर नेमकी हीच सवय मोडावी लागते. जेवणाबरोबर पाणी प्यायचं नाही, जेवण झाल्यावर अर्धा तास थांबायचं. लहानशा जागेत अन्न आणि पाणी एकाच वेळी मावत नाहीत आणि दोन्ही एकत्र घेतलं तर एकतर उलटी होते, नाहीतर अन्न वेळेआधीच पुढे ढकललं जातं. म्हणजे पाण्यासाठी मिळणारे तास आणखी आखडतात. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे पटवून द्यावं लागतं. त्यांना ते कोरडं जेवणं बघवत नाही.

पण याच घरात या पथ्याला धरून जाणारी एक जुनी सवयही आहे. देवघरातली पळी आणि पंचपात्र. आचमनाला हातावर घेतात ते पाणी चमचाभरही नसतं आणि तीर्थ कुणी घटाघटा पीत नाही. तळहातावर घेऊन ओठ लावतात. घोटाचं हे माप आपल्या हातांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. आजीला ‘दर पंधरा मिनिटांना ३० मिलिलिटर’ सांगून काही कळणार नाही, पण ‘तीर्थासारखं, सारखं सारखं’ म्हटलं की ती नातवाच्या उशाशी बसून दिवसभर देईल. रुग्णालयांच्या माहितीपत्रकांत ही भाषा आली पाहिजे. आज ती पत्रकं बहुतेक इंग्रजीतून जशीच्या तशी उचललेली असतात आणि त्यांत औंस असतात, ब्रॉथ असतं, जेलो असतो. वाचणाऱ्याच्या फडताळात यातलं काहीच नसतं.

फडताळात जे असतं ते भरपूर उपयोगाचं आहे. मुगाचं गाळलेलं कढण, वरणाच्या वरचं निवळ पाणी, कोकणातली पातळ पेज गाळून, पाणीदार ताक चिमूटभर मीठ घालून, शहाळ्याचं पाणी, जिऱ्याचं कोमट पाणी. पहिल्या दिवसांत गाळलेलं, पुढे डॉक्टर सांगतील तसं थोडं दाट. ताक आणि कढणातून थोडी प्रथिनंही मिळतात आणि त्यांचं पाणी दीड लिटरमध्ये मोजलं जातं. साधं पाणी जड लागणाऱ्या कित्येकांना कोमट पाणी चालतं, काहींना गार. दोन्ही करून बघावं. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी शहाळं डॉक्टरांना विचारूनच घ्यावं, त्यात पोटॅशियम बरंच असतं. तिखटाची फोडणी दिलेली सोलकढी पहिल्या आठवड्यांत नको.

आणि गोड नको. हे इतकं स्पष्ट सांगायचं कारण, अशक्त माणसाला ताकद यावी म्हणून उसाचा रस, पन्हं, साखर घातलेलं कोकम सरबत देणं हा आपल्याकडचा मायेचा मार्ग आहे. बायपास झालेल्या माणसाच्या आतड्यात साखरेचं पाणी जठराचा अडथळा न लागता भसकन उतरतं. ती साखर विरघळवून घ्यायला आतडं रक्तातलं पाणी ओढून घेतं. माणसाला घाम फुटतो, पोटात मुरडा येतो, जुलाब होतात, गळून जायला होतं. ज्या पेयाने तहान भागायची, तेच शरीरातलं पाणी आतड्यात खेचून नेतं. सोडा आणि फसफसणारी पेयं वेगळ्या कारणाने वर्ज्य : वायूला जागा नाही.

इथे ओआरएसबद्दल बोलणं भाग आहे. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ पसरली, सलाईनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं द्रावण पिंपांत भरून नातेवाइकांच्या हातून पाजायला लावलं आणि मृत्यूंचं प्रमाण खाली आणलं. त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं, २०२३ मध्ये. त्या द्रावणाचं आजचं जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिटरमागे साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज सांगतं, त्याहून अधिक नाही. पण औषधांच्या दुकानांत वर्षानुवर्षं ओआरएसच्या नावाखाली खोक्यांतली गोड फळपेयं विकली गेली, ज्यांत साखर कित्येक पटींनी जास्त होती. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी त्याविरुद्ध अनेक वर्षं लढा दिला आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ हा शब्द वापरायला मनाई केली. उलट्या होणाऱ्या रुग्णासाठी घाईघाईने दुकानात गेलेल्या मुलाने पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलं आहे का, हे बघूनच पूड घ्यावी.

आता सर्वांत गंभीर मुद्दा.

मुंबई-पुण्यात शस्त्रक्रिया करून माणूस आपल्या गावी, लातूरला, बीडला, सावंतवाडीला परततो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात उलट्या सुरू होतात. शहर लांब आहे, म्हणून गल्लीतल्या डॉक्टरांकडे नेतात आणि सांगतात, अशक्तपणा आलाय, एक ग्लुकोजची बाटली लावा. डॉक्टर लावतात. आपल्याकडे ग्लुकोजची बाटली ही उपचाराची खूण आहे. ती लागली की घरच्यांना धीर येतो. पण आठवड्यानुआठवडे नीट न जेवलेल्या आणि सतत उलट्या होणाऱ्या माणसाच्या शरीरातलं थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, संपत आलेलं असतं. त्याचा साठा मुळात दोनतीन आठवड्यांचाच असतो. ग्लुकोज वापरायला शरीराला थायमिन लागतं. उरलंसुरलं थायमिन त्या बाटलीपायी खर्च होतं आणि मेंदूला इजा होते. डोळे नीट हलत नाहीत, एकाचे दोन दिसतात, चालताना तोल जातो, माणूस भलतंच बोलू लागतो. वेळेत ओळखलं नाही तर स्मरणशक्ती कायमची जाते.

या विकाराला कार्ल वेर्निके या जर्मन डॉक्टरचं नाव आहे. १८८१ मध्ये त्याने वर्णन केलेल्या तीन रुग्णांपैकी दोन दारूच्या व्यसनातले होते. तिसरी होती एक वीस वर्षांची शिवणकाम करणारी मुलगी. तिने गंधकाम्ल प्यायलं होतं, त्याने जठराची वाट आवळली आणि तिला सतत उलट्या होत राहिल्या. दारूचा तिच्याशी काही संबंध नव्हता. जठर निकामी, अन्न आत नाही, उलट्या थांबत नाहीत. तिच्या दुखण्याचा हा क्रम सुमारे शंभर वर्षांनी जठर लहान केलेल्या रुग्णांत पुन्हा दिसू लागला. फरक एवढाच की आज त्यावर उपाय आहे आणि तो महाग नाही : ग्लुकोज चढवण्याआधी शिरेतून थायमिन द्यायचं. म्हणून या रुग्णाच्या घरच्यांनी एक वाक्य पाठ करावं. ‘यांची वजनाची शस्त्रक्रिया झाली आहे, आधी बी-वन द्या.’ हे सांगायला संकोच वाटू नये. चांगला डॉक्टर त्याने रागावत नाही. आणि शहरातल्या शल्यविशारदाने हेच वाक्य मराठीत, ठळक अक्षरात कागदावर लिहून रुग्णाच्या पाकिटात घालून पाठवावं. त्या एका कागदाने मेंदू वाचू शकतो.

औषधांच्या डब्याकडेही पहिल्याच आठवड्यात नव्याने बघायला हवं. रक्तदाबासाठी अनेकांना ‘लघवीची गोळी’ चालू असते. पाणी आत जात नसताना ती गोळी आहे ते बाहेर काढत राहते. मधुमेहाच्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, सोबत पाणीही जातं; शिवाय उपाशी शरीरात त्यांच्यामुळे रक्त आम्लधर्मी होण्याचा धोका असतो आणि तेव्हा साखरेचा आकडा फारसा वाढलेला नसल्याने तो लवकर ध्यानात येत नाही. म्हणूनच त्या शस्त्रक्रियेच्या निदान तीन दिवस आधी बंद करायला सांगतात. जुन्या चिठ्ठीवर ‘चालू ठेवा’ लिहिलेलं असतं म्हणून त्या पुन्हा सुरू करू नयेत. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या तर पाणी कमी असताना मूत्रपिंडाला इजा करतात आणि बायपासच्या जोडावर व्रणही करतात. कंबर दुखली म्हणून दुकानातून आणून घ्यायच्या या गोळ्या नव्हेत.

वजनकाट्याबद्दलही थोडं स्पष्ट बोलायला हवं, कारण तोच पाण्याची तूट झाकतो. शरीर स्नायूंत आणि यकृतात साखरेचा साठा ठेवतं, त्याला ग्लायकोजेन म्हणतात. त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं. खाणं थांबलं की पहिल्या काही दिवसांत हा साठा संपतो आणि त्याच्यासोबतचं पाणी निघून जातं. काट्यावर दोन किलो उतरलेले दिसतात, त्यांत चरबी थोडी असते. ज्या दिवशी पन्नासपैकी वीसच मापं गेली त्या दिवशी तर काटा आणखी खूश करतो. घर टाळ्या वाजवतं आणि तेव्हाच मूत्रपिंडं ताणलेली असतात. पहिल्या आठवड्यात काटा माळ्यावर टाकावा, असं मनापासून सांगावंसं वाटतं.

किलोंचं हे वेड आपण सार्वजनिकरीत्याही जोपासलं आहे. २०१७ मध्ये इजिप्तच्या इमान अहमद यांना सुमारे ५०० किलो वजनाची स्त्री म्हणून मालवाहू विमानाने मुंबईत आणलं गेलं. महिनोन्‌महिने बातम्यांत एकच चर्चा होती, किती किलो उतरले. मे महिन्यात त्यांना अबू धाबीला हलवलं आणि सप्टेंबरमध्ये त्यांचा तिथे मृत्यू झाला. त्यांच्या आजारात हृदय, मूत्रपिंड आणि कितीतरी गुंतागुंती होत्या. त्यांतलं फार थोडं सामान्य वाचकापर्यंत पोहोचलं, किलो तेवढे पोहोचले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या २४ टक्के स्त्रिया आणि जवळपास २३ टक्के पुरुष जादा वजनाचे किंवा लठ्ठ आढळले. म्हणजे या शस्त्रक्रियेकडे वळणारे वाढतच जाणार. त्यांना किलोंच्या जाहिराती जागोजागी दिसतात. पन्नास मापांचं कुणी सांगत नाही.

स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. जगभरात ही शस्त्रक्रिया करून घेणाऱ्यांत त्यांचं प्रमाण मोठं आहे. दोनतीन आठवड्यांनी त्या कामावर रुजू होतात. लोकलचा दीड तास, पुढे बस, कचेरीत किंवा शाळेत एकच स्वच्छतागृह आणि तेही घाण. आपल्याकडच्या असंख्य बायका घराबाहेर पडायचं असलं की सकाळपासून पाणीच पीत नाहीत. २०११ मध्ये मुंबईत महिला कार्यकर्त्यांनी ‘राइट टू पी’ ही चळवळ उभी केली ती याच दुखण्यावर. निरोगी बाईला ही सवय मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गापर्यंत नेते. जठर लहान झालेल्या बाईचे सकाळचे चार तास गेले की सोळा मापं गेली आणि ती भरून निघत नाहीत. कामावर परतण्याचं प्रमाणपत्र देताना डॉक्टरांनी तिला विचारलं पाहिजे, तुम्ही जाता तिथे वापरण्याजोगं स्वच्छतागृह आहे का? हा प्रश्न वैद्यकीय आहे. आणि वरिष्ठांनीही तिच्या टेबलावरची पाण्याची बाटली आणि दर तासाला उठणं समजून घेतलं पाहिजे.

उपवासांचंही तसंच. हरितालिकेचा निर्जळी उपवास, निर्जला एकादशी, रमजानचे रोजे यांवर श्रद्धा असणाऱ्यांना ‘सोडून द्या’ म्हणणं सोपं आहे, पण ते ऐकलं जात नाही. आपल्या डॉक्टरांशी आधी बोलावं, शस्त्रक्रियेची तारीखच सणांचा अंदाज घेऊन ठरवावी आणि पहिल्या वर्षात निर्जळी काही करू नये, एवढं तरी पाळावं. आजारपणात सूट जवळपास प्रत्येक धर्माने दिलेली आहे.

महिना सरला, सूज उतरली की पाणी पिणं सोपं होतं. पण विषय संपत नाही. बायपासनंतर न पचलेली चरबी आतड्यातलं कॅल्शियम धरून ठेवते, त्यामुळे एरवी कॅल्शियमला बांधलं जाऊन बाहेर पडणारं ऑक्झलेट मोकळं राहतं, रक्तात शिरतं आणि मूत्रपिंडात खडे तयार होतात. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात हा धोका वाढतो. तिथल्या रुग्णाने वर्षानुवर्षं, लघवी फिकट राहील इतकं पाणी घोटाघोटाने पीत राहणं हाच त्यावरचा पहिला उपाय आहे.

रुग्णालयांनी काय करायचं, हे यातून उघडच दिसतं. शस्त्रक्रियेआधीच रुग्णाला आणि घरातल्या एका माणसाला ३० मिलिलिटरचं माप हातात देऊन एक दिवस सराव करायला लावावा. घरी पाठवल्यानंतर पहिल्या आठवड्यात फोन रुग्णाने करायची वाट न बघता रुग्णालयाने करावा, आणि पहिला प्रश्न पाण्याचा असावा. तोंडाने भागत नसेल तर सकाळी येऊन दोन-तीन तास सलाईन घेऊन संध्याकाळी घरी परतता येईल अशी खाट हाताशी ठेवावी, म्हणजे मळमळीचं रूपांतर आठवडाभराच्या भरतीत होणार नाही. लाखो रुपये मोजून केलेल्या शस्त्रक्रियेत एवढा खर्च सहज बसतो. गावाकडच्या रुग्णाला तर त्याच्या तालुक्यातल्या एखाद्या डॉक्टरशी आधीच जोडून द्यायला हवं.

डिस्चार्जच्या कागदावर वजनाचा रकाना असतोच. त्याच्या शेजारी पाण्याचा रकाना छापा, पन्नास चौकोनांचा, एकेका मापाला एक खूण करता येईल असा. त्याखाली बी-वनची ओळ मराठीत लिहा. आणि सगळ्यांत खाली रात्री दोन वाजता उचलला जाईल असा एक फोन नंबर द्या.